पाकळीचा ‘ल’ कुठे गेला?

माझ्या ब्लॉगवरच्या पहिल्या लेखाचं नाव होतं ‘लेटरप्रेसची शाई’. पावसाळ्यातला रविवार होता. भाच्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, “मावशी, बघ, झालं तुझं पान.” मी चष्मा लावला आणि माझा हात आपसूक लाल पेनाकडे गेला.

मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून फटकून उभी होती, शिरोरेषा जागोजागी तुटलेली. ‘लेटरप्रेस’चा ल मराठी पाकळीचा नव्हे, हिंदी दंडाचा; ‘शाई’चा श देठाचा नव्हे, तोही हिंदी वळणाचा. एका ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर टेकला होता. ज्या शब्दांवर जोर द्यायचा होता, ते वाऱ्यानं कलंडल्यासारखे तिरपे झाले होते. मथळ्याखाली तारीख इंग्रजीत आणि तिच्या शेजारी ‘थ्री मिनिट रीड’.

“छान आहे ना थीम? जगभर वापरतात,” भाचा म्हणाला.

“वापरत असतील. पण हे प्रूफ मी मशिनवर जाऊ दिलं नसतं.”

मी मुद्रितशोधक. साताऱ्याला वडिलांचा ट्रेडल छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असं काम चालायचं. पुढे पुण्यात मी ३२ वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासली. निवृत्त झाल्यावर त्या छापखान्यातल्या माणसांवर आणि शब्दांवर लिहावंसं वाटू लागलं. लिहिण्याआधीच एक हट्ट मात्र धरला: जे लिहीन ते माझ्या घरात राहिलं पाहिजे.

हट्टाला कारण आहे. नव्वदच्या दशकात डीटीपी आलं, तेव्हा मी काही लेख संगणकावर टाइप करून घेतले होते. त्या वेळचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. आत साठवलेली असायची रोमन चिन्हं, वर देवनागरीचा मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो आणि कंस, स्वल्पविराम, रोमन अक्षरं यांची खिचडी समोर येते. माझे अकरा लेख आजही त्या खिचडीत आहेत. पुढे एका संकेतस्थळावर वर्षभर सदर लिहिलं. ते संकेतस्थळ बंद पडलं, सदर त्याच्याबरोबर गेलं. मोठ्यांचंही याहून वेगळं नसतं. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, तेव्हा हौशी लोकांनी हातानं रचलेली असंख्य पानं एका फटक्यात उठली.

भाच्यानं यावर सुचवला तो स्टॅटिक ब्लॉग. यात लेख साध्या मजकुराच्या फाइलींत, युनिकोडमध्ये, माझ्याच संगणकावर राहतात. खुणा मार्कडाउनच्या. जॉन ग्रुबरनं २००४ मध्ये ती पद्धत लोकांपुढे ठेवली. ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन तारका टाकायच्या, मथळ्याआधी एक चिन्ह टाकायचं, संपलं. मग एक प्रोग्रॅम त्या फाइली घेतो आणि त्यांची तयार पानं करून देतो. टॉम प्रेस्टन-वर्नरचं जेकिल २००८ चं, स्टीव्ह फ्रान्सियाचं ह्यूगो २०१३ चं. आम्ही ह्यूगो घेतलं. तयार पानं गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवता येतात. मला वर्षाला खर्च येतो तो फक्त नावाचा, म्हणजे डोमेनचा. उद्या गिटहब नको झालं, तर तीच पानं उचलून दुसरीकडे मांडायची.

हे सगळं मला पटकन कळलं, कारण छापखान्यात हेच होतं. मॅटर वेगळं, आणि ते ज्या लोखंडी चौकटीत कसायचं ती वेगळी. थीम म्हणजे ती चौकट. फरक इतकाच, की वडिलांची चौकट मराठी मॅटर डोळ्यांपुढे ठेवून भरली जायची. मला मिळालेली चौकट इंग्रजीसाठी भरलेली होती, आणि माझं मॅटर तिच्यात कोंबलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. थीमकडे आपण पडद्याच्या कापडासारखं बघतो: रंग आवडला, घेतली. पण अक्षर कसं दिसेल, ओळी किती अंतरावर बसतील, तारीख कोणत्या भाषेत येईल, आंधळ्या वाचकाला पान कोणत्या आवाजात ऐकू येईल, हे सगळं थीमनं आधीच ठरवून टाकलेलं असतं. आणि ते ठरवताना मराठी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यानं ती चौकट उघडून एकदा तरी हातानं कसलीच पाहिजे.

कसायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटले, तेही सांगते. ह्यूगोमध्ये ‘थीम्स’ नावाचा एक फोल्डर असतो, त्यात उतरवून घेतलेली थीम ठेवायची. मी सरळ त्या फोल्डरमध्ये शिरले आणि दिसेल ते बदलत सुटले. चार दिवस खपून मथळा, तळटीप, रंग, सगळं मनासारखं केलं. पाचव्या दिवशी थीमची नवी आवृत्ती आल्याचं वाचलं, ती उतरवली आणि जुन्या फोल्डरवर चिकटवली. चार दिवसांचं काम पुसलं गेलं.

“मावशी, थीमच्या फोल्डरमध्ये हात घालायचाच नाही,” भाचा फोनवर म्हणाला. “जी फाइल बदलायची तिची प्रत काढून आपल्या फोल्डरमध्ये त्याच नावानं ठेव. ह्यूगो आधी तुझी फाइल बघतं, तुझी नसेल तरच थीमची घेतं.”

भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मालकाच्या भिंतीत खिळा मारायचा नाही, आपलं कपाट आपण आणायचं. नवा माणूस पहिल्या दिवशी एवढं एक शिकला तरी निम्मं रडणं वाचेल.

आता त्या रविवारच्या प्रुफाकडे येते. लाल पेनानं केलेल्या खुणा एकेक करून कशा काढल्या, ते सांगते, कारण त्यातली प्रत्येक चूक मला रोज कुठल्या ना कुठल्या मराठी संकेतस्थळावर दिसते.

सगळ्यात सोपी दुरुस्ती शिरोरेषेची. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून थीमवाले दोन अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडतात. रोमन अक्षरं सुटीच असतात, त्यांना ते शोभतं. आपली अक्षरं शिरोरेषेवर हातात हात घालून उभी असतात. मध्ये जागा सोडली की ती रेषाच तुटते. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या फाइलीत ती एक ओळ होती. तिची किंमत शून्य केली, मथळा सांधला गेला.

मग ओळींमधलं अंतर. धातूचे खिळे जुळवून छापायच्या काळी ओळी दाटल्या की वडील ओरडायचे, “लेड टाका!” आणि कंपोझिटर दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी सरकवायचा. रोमन अक्षराला वर-खाली फारशी जागा लागत नाही. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, एकावर एक बसलेली जोडाक्षरं. माझ्या थीमनं ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरली होती. मी ती एक पूर्णांक आठ केली. पान लांबलं, पण श्वास घेऊ लागलं.

तिरपा ठसा मी बंदच केला. देवनागरीत तो रुळलेला नाही, आणि फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं नसली की ब्राउझर उभ्याच अक्षरांना धक्का देऊन कलंडवतो. आणि गरज तरी काय? मराठी वाक्यात जोर द्यायला आपल्याकडे ‘च’ आहे, ‘ही’ आहे, ‘तरी’ आहे.

तारखेनं मात्र माझी दोन दिवस परीक्षा घेतली. ह्यूगो ज्या गो भाषेत लिहिलंय, तिच्यात तारीख कशी छापायची हे सांगायची रीत अजब आहे. तिथे नमुना म्हणून एकच ठरलेला क्षण लिहायचा असतो: २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. आधी दिवस हवा तर त्यातला २ आधी लिहायचा, वर्ष हवं तर २००६ लिहायचं. मला हे ठाऊक नव्हतं. मी नमुन्याच्या जागी त्या दिवशीची तारीख लिहिली, आणि लेखाखाली भलतेच आकडे उमटले. गोम कळल्यावर साइटची भाषा मराठी केली आणि नमुना नीट लिहिला. ‘जानेवारी’ हा शब्द आपल्या लिपीत आला.

त्याच्या पुढच्या शनिवारी लेखच गायब झाला. मी पहाटे लिहिते. सहा वाजता लेख संपवला, फाइलीच्या डोक्यावर हातानं तारीख आणि सहाची वेळ घातली, पानं तयार करून चढवली. लेख कुठेच नाही. दहादा तपासलं. दुपारी जेवणं झाल्यावर चिडून पुन्हा पानं तयार केली, तर लेख हजर! भाच्यानं उलगडा केला. वेळेबरोबर मी प्रदेश सांगितला नव्हता, म्हणून यंत्रानं ती जागतिक प्रमाणवेळ धरली. त्या हिशेबानं माझे सहा म्हणजे आपले साडेअकरा. आणि पुढच्या वेळेचा लेख ह्यूगो आधी छापत नाही. सेटिंगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ असं लिहिलं, तेव्हा माझी पहाट यंत्राला मान्य झाली.

‘थ्री मिनिट रीड’ची पाटी मी काढून टाकली. तो आकडा येतो कसा, हे विचारल्यावर कळलं, की ह्यूगो मिनिटाला २१३ शब्द असा दर धरतं. मराठीत ‘शेजारच्यांबरोबरसुद्धा’ हा एकच शब्द आहे. त्याचं इंग्रजी करायला घेतलं तर चार-पाच शब्द लागतील. इंग्रजीच्या मापानं आपल्या वाचकाचं घड्याळ कशाला लावायचं? माझ्या वाचकांना घाई नाही. ज्यांना आहे ते येणार नाहीत.

एका ठिकाणी मी माघार घेतली. लेखाचा पत्ता मराठीत ठेवायचा माझा आग्रह होता. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपात गेलं की नऊ अक्षरं खातं, आणि काना-मात्रा, हलन्त हेही वेगवेगळे मोजले जातात. ‘लेटरप्रेसची-शाई’ एवढ्याचे १२७ झाले. मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला, तर तिनं विचारलं, “हे काय व्हायरसबियरस आहे का?” तेव्हापासून पत्ता रोमनमध्ये देते. मन मानत नाही, पण देते.

आणि आता तो ल.

युनिकोडमध्ये ल एकच आहे. पाकळीचा वेगळा आणि दंडाचा वेगळा, असं नाही. श चंही तेच. कोणतं वळण दिसणार, हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणं दडवलेली असतात आणि पान कोणत्या भाषेत आहे हे बघून तो त्यांतलं एक काढतो. पानाची भाषा कुठे लिहिलेली असते? पानाच्या अगदी डोक्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या ओळीत, दोन रोमन अक्षरांत. इंग्रजीसाठी ‘ईएन’, हिंदीसाठी ‘एचआय’, मराठीसाठी ‘एमआर’. माझ्या थीममध्ये तिथे ‘ईएन’ होतं. म्हणजे संपूर्ण मराठी लेखाच्या माथ्यावर लिहिलं होतं की हे पान इंग्रजी आहे.

मी ‘एमआर’ केलं. फॉन्टही बदलला. ‘टिरो देवनागरी मराठी’ नावाचा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याचीच हिंदी आणि संस्कृत अशी वेगळी भावंडं आहेत, म्हणजे या तीन भाषांच्या सवयी वेगळ्या आहेत, हे करणाऱ्यांना ठाऊक होतं. मथळ्यांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ घेतला. तोही फुकट, खुल्या परवान्याचा. पान पुन्हा उघडलं, तर मजकुरात पाकळीचा ल आणि देठाचा श. वडिलांच्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या खणातून आत्ताच कुणी उचलून ठेवल्यासारखे.

हे फक्त म्हातारीच्या डोळ्यांचे लाड नव्हेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनानं मराठी वर्णमालेबद्दल सुधारित निर्णय काढला. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच वळणं वापरावीत असं सांगितलं. कागदावर निर्णय झाला. पडद्यावर मात्र त्याची अंमलबजावणी त्या दोन रोमन अक्षरांवर आणि एका फॉन्टवर अडून राहते. शिवाय दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक प्रोग्रॅम तीच दोन अक्षरं बघून आवाज निवडतात. पान स्वतःला इंग्रजी म्हणवून घेत असेल, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो. आपण लिहिलेलं कुणाला तरी ऐकूच जात नाही, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला: “एवढा खटाटोप कशाला? फेसबुकवर टाका, लोक तिथेच आहेत.” लोक तिथे आहेत, हे खरं. मीही दुवा तिथेच देते. पण फळ्यावरचा सुविचार आणि कपाटातली वही यांत फरक असतो. फळा दुसऱ्याचा, तो संध्याकाळी पुसला जातो.

दुसरा आक्षेप भाच्याचा, आणि तो मला झोंबला. “मावशी, सहा आठवडे झाले. लेख किती झाले?” दोन झाले होते. थीमचा हा मोह खराच आहे. रंग बदलून बघू, तळटीप सरकवून बघू, शोधाचा चौकोन टाकू, रात्रीसाठी काळं पान करू. यात महिने जातात आणि लिहायचं राहतं. वडिलांकडे एक गिऱ्हाईक होतं. मासिकाचं मुखपृष्ठ तीनदा बदलून घेतलं, अंक एकही निघाला नाही. मी त्याच वाटेनं निघाले होते.

म्हणून आता माझी शिस्त ठरली आहे. भाषा, फॉन्ट, ओळींचं अंतर, मथळ्यातली मोकळी जागा, तारीख: या पाच गोष्टी वाचकासाठी आहेत, त्या करायच्याच. त्यापलीकडची प्रत्येक गोष्ट माझ्या हौसेची, ती दहा लेख झाल्यावर. आज माझ्या पानावर ना शोधाचा चौकोन आहे, ना काळी रात्र. लेख मात्र चौदा आहेत.

पण या पाच गोष्टी प्रत्येकानं स्वतः का शोधाव्यात? मला भाचा होता. ज्यांना नाही, ते गावातले शिक्षक, कीर्तनकार, शेतीवर लिहिणारे, बोलीतले शब्द जमवणारे, त्यांनी सीएसएसमध्ये कुठे डोकं घालावं? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. आता एक छोटं, फारसं खर्चाचं नसलेलं काम सुचवते. मराठीसाठी मुळापासून बांधलेली एक खुली थीम असावी. पान स्वतःला मराठी म्हणवून घेणारी, ल-श नीट काढणारी, ओळींना जागा देणारी, महिने मराठीत छापणारी, आणि वापरायची कशी याची टिपणंही मराठीत असलेली. राज्य मराठी विकास संस्थेनं मनावर घेतलं तर होईल. नाहीतर एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून केली तरी होईल. त्यांना मुद्रितशोधक लागला, तर मी फुकट बसायला तयार आहे. लाल पेन माझं मी आणीन.

तोवर तुमचं स्वतःचं पान असेल, शाळेचं असेल, ग्रंथालयाचं, गणेश मंडळाचं असेल, तर आज एकच करा. संगणकावर ते उघडा, पानावर उजवी कळ दाबून त्याचा सोर्स बघा. वरच्या एक-दोन ओळींत भाषा लिहिलेली सापडेल. तिथे ‘ईएन’ असेल, तर ते पान ज्यानं केलं त्याला सांगा, ‘एमआर’ कर. दोन अक्षरांचं काम आहे.